लेकाला तपासायला नेणारी सारजामावशी

सारजामावशीला हळू बोलता येत नसे. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला, रानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय. त्यामुळे ती दारात येऊन "मॅडम, मीठ हाय का चिमूटभर?" असं विचारायची, तेव्हा आष्टीतली आमची निम्मी गल्ली आपापल्या मिठाचा डबा उघडून बघत असावी. तिच्या घरी आज काय शिजलं, लेकानं भाकरी अर्धी का टाकली, कोणत्या मेंढीला हगवण लागली, हे सगळं मला माझ्या खोलीत वह्या तपासता तपासता कळत असे.

मी तेव्हा आष्टीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होते. नवरा नोकरीला जालन्यात, मी इथे एका खोलीत भाड्यानं. समोरचं घर सारजामावशीचं. पहिल्याच दिवशी ती आली, माझं मनगट धरलं, दंड दाबून पाहिला, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "वाळलीस गं बाई. सांजच्याला दूध देत जाईन." मला आधी रागच आला. नंतर कळलं, की ती माणसाला असंच भेटते. बाजाराच्या दिवशी विकत काहीच घ्यायचं नसताना ती परक्यांच्या मेंढ्यांची तोंडं उघडून दात बघायची आणि मालकाला न मागितलेला सल्ला देऊन यायची. तिला साऱ्या जगाची परीक्षा मेंढरांवरूनच करता येत होती, आणि ती करण्यात तिला संकोच कसला तो नव्हता.

उंच, सडपातळ बाई. हनुवटीवर हिरवं गोंदण, नेसायला नेहमी विटकं जांभळं लुगडं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तो होता तेव्हा कळप घेऊन गोदावरीच्या काठानं शहागडपर्यंत फिरायचे. आता थोडी शेती, मोजकी मेंढरं आणि एकुलता एक लेक भागवत. तो जुना टेम्पो चालवायचा. सून मिरा. मिराचा आवाज मी पहिले कित्येक महिने ऐकलाच नव्हता. त्या घरातलं सगळं बोलणं सासूच संपवून टाकायची.

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. एवढ्या काळात मिराचं काय काय करून झालं होतं! उपास झाले, दंडात गंडे बांधून झाले, कुठल्या तरी बाबाचा अंगारा पाण्यातून पिऊन झाला. परतूरच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, पोटातल्या नळ्या तपासून झाल्या. दर वेळी डॉक्टर म्हणत, हिचं सगळं चांगलं आहे. आणि दर वेळी घरी येऊन सगळे ठरवत, की डॉक्टरला कळलं नाही.

सारजामावशी सुनेला छळणारी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायला हवं. साय आधी मिराच्या ताटात पडायची. पण मायेनं वागणारं माणूसही किती चुकीचं वागू शकतं, ते मी त्या घरात पाहिलं. एके दिवशी ती मला आनंदानं सांगत आली, की वडीगोद्रीकडची एक पोरगी भागवतसाठी पाहिली आहे. गरीब घरची आहे, पण अंगानं चांगली आहे.

"आणि मिरा?" मी विचारलं.

"मिरा बी ऱ्हाईल की. तिला कोन काडून देऊन राह्यलंय? पोटच्या पोरीवानी ऱ्हाईल."

हे ती मिराच्या देखत बोलत होती. मिरा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, या बाईला दोन शब्द सुनावावेत. पण दुसऱ्याच्या घरात बोलायचं ते किती, या विचारानं मी गप्प बसले.

तो गुंता सुटला तो मेंढरांमुळे. त्या वर्षी कळपातल्या जवळजवळ सगळ्याच मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत. भागवत वैतागला आणि म्हणाला, खाली राहिलेल्या मेंढ्या विकून टाकू. झालं, सारजामावशी कडाडली.

"मेंढ्या इकतो? तुला अक्कल हाय का? समद्या खाली राह्यल्या म्हंजी खोट एडक्यात हाय! आधी एडका बघायचा असतो. तुझ्या बापानं उभ्या जन्मात कदी मेंढीला बोल लावला न्हाई. एडका बदल, मंग बोल."

एडका म्हणजे कळपातला नर. भागवत मान डोलवत टेम्पोकडे गेला. मिरा पाला घेऊन उभी होती. आणि सात वर्षं तोंडातून शब्द न काढणारी ती पोर अगदी शांतपणे म्हणाली, "मंग आत्या, घरात बी तसंच बघा की एकदा."

माझ्या हातातला खडू... खडू कसला, घरात होते मी, हातात लाटणं होतं. ते तसंच राहिलं.

"बाईमानसानं असं बोलू न्हाई!" सारजामावशी ओरडली. पण त्या ओरडण्यात नेहमीचा जोर नव्हता.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. दूध आणलं होतं, पण भांडं हातातच धरून बसली.

"मॅडम, गड्याची बी तपासनी असती का?"

असते, मी म्हटलं. खरं तर ती आधी करावी इतकी सोपी असते. बाईसारखं पोटात काही घालून बघावं लागत नाही.

तिनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. मग जे बोलली ते मी आजवर विसरले नाही.

"कळपात कसं, मेंढ्या लई असत्यात. एकच खाली राह्यली तर तिच्यात खोट, समद्या राह्यल्या तर एडक्यात. पर हितं घरात सून एकच. कळावं कसं? म्हून दुसरी आनायची. अन ती बी खाली राह्यली, की मंग कळनार, की खोट माझ्या लेकात व्हती. पर तवर दोन लेकींचं वाटुळं झालं की वो मॅडम. म्या दोन पोरींवर तपासनी करायला निघाल्ते."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझा सगळा राग तिथल्या तिथे गिळावा लागला.

भागवतला तयार करणं हे मात्र सोपं काम नव्हतं. "मला काय झालंय? म्या काय नामर्द हाय का?" असं म्हणून त्यानं ताट सरकवलं. आईनं तेव्हा आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "वडीगोद्रीच्या पोरीच्या घरी म्या निरोप धाडलाय, नको म्हून. ती पोरगी म्या पाह्यली तवा तिनं वर तोंड बी केलं न्हाई, पायाच्या अंगठ्याकडं बघत बसल्ती. तिला हितं आनून मंग कळलं, की कमी तुझ्यात हाय, तर त्या दोघींना काय सांगू म्या?"

भागवतनं दोन दिवस घेतले. मग एका अटीवर कबूल झाला. गावात कोणाला कळता कामा नये. आईनं देवाची आण घेतली.

जालन्याला जाताना ती मलाही घेऊन गेली. डॉक्टर माझ्या नवऱ्याच्या ओळखीतले, एवढाच माझा उपयोग. चष्मा कपाळावर चढवून तो शोधणारे साठीचे गृहस्थ. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, की दोन-तीन दिवस आधी नवरा-बायकोनं लांब राहायचं, म्हणजे तपासणी नीट होते. भागवतला एक छोटी डबी देऊन आतली खोली दाखवली. तो बराच वेळ आत होता. सारजामावशी बाकावर चुळबुळत होती. दार उघडून तो बाहेर आला, कान लालबुंद. तेवढ्यात ही सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं का रं?"

बाकावरच्या लोकांनी एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मिरानं पदर तोंडात कोंबला. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर डॉक्टरांनी भागवतला तपासलं आणि त्याला नि मिराला आत बोलावलं. दोघांनाच बोलावलं होतं, पण सारजामावशी मागोमाग गेली आणि जाताना माझा हात धरून मलाही ओढत घेऊन गेली. डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि आमच्याकडे पाहून परत वर केला. बहुधा अशा आया त्यांनी पाहिल्या असाव्यात.

त्यांनी फार सोपं करून सांगितलं. भागवतच्या वीर्यात शुक्राणू कमी आहेत आणि जे आहेत त्यांची हालचाल मंद आहे. कारण हाताला लागण्यासारखं होतं. वृषणाच्या शिरा फुगल्या होत्या, काहींच्या पायाच्या फुगतात तशा. तिथं रक्त साचतं, उष्णता वाढते. शुक्राणूंना ती सोसत नाही, म्हणून तर निसर्गानं ते सगळं शरीराबाहेर ठेवलंय.

"तरीच!" सारजामावशी म्हणाली. "कडक उन्हाळ्यात एडका बी मंद पडतो. मंग डाक्टरसाहेब, ह्याला सावलीत ठिवते म्या."

"सावलीत ठेवून भागणार नाही, मावशी," डॉक्टर हसू दाबत म्हणाले. छोटं ऑपरेशन करावं लागेल. गुटखा बिलकुल बंद. बाजारात ताकदीच्या म्हणून ज्या पुड्या मिळतात त्या तर मुळीच नाहीत. नवे शुक्राणू तयार व्हायला तीनेक महिने लागतात, म्हणून लगेच फरक शोधायचा नाही. बहुतेकांना फरक पडतो, पण मूल होईलच असा शब्द ते देणार नाहीत. नाहीच जमलं तर पुढचे उपाय आहेत. मग ते भागवतकडे वळले.

"आणि एक ऐका. याचा मर्दानगीशी काही संबंध नाही. तुमचं दोघांचं सगळं व्यवस्थित आहे ना? मग झालं. डोळ्याला नंबर लागतो, तसं हे आहे. फक्त काही वर्षं आधी आला असतात तर बरं झालं असतं. दोघांना एकदमच तपासायचं असतं."

भागवतनं मिराकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. बाहेर पडताना मात्र मिराची पिशवी त्यानं आपल्या हातात घेतली. सात वर्षांत त्यानं ती कधी घेतली नसावी, कारण मिराला आपला रिकामा हात कुठे ठेवावा ते कळेना.

येताना एसटीत सारजामावशीनं मला कुजबुजून विचारलं, "मॅडम, आपरेशनला लई दुखतं का?" तिला कुजबुजताना मी प्रथमच ऐकलं. आमच्या पुढच्या तीन सीटांवरच्या लोकांनीही ऐकलं. पण सुदैवानं त्यात आष्टीचं कोणी नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. गावात हर्नियाचं सांगितलं. पुढचे काही महिने सारजामावशीनं लेकाला जे जपलं, ते पाहून मला भागवतची दया यायची. त्याच्या खिशातून गुटख्याच्या पुड्या काढून ती उकिरड्यावर नेऊन पुरायची. अंघोळीच्या पाण्यात आपला हात घालून बघायची. टेम्पोचं इंजिन सीटखालीच, ते तापतं, हे तिच्या ध्यानात आल्यावर तर कहरच झाला. एके सकाळी भागवतचं लक्ष नसताना तिनं सीटवर भिजवलेलं गोणपाट अंथरलं आणि वर त्याची नेहमीची चादर घातली. गडी घाईत बसला आणि थेट शहागडला माल टाकायला गेला. उतरला तो पँटीचा मागचा भाग पार ओलाचिंब. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी त्याला काय काय विचारलं असेल ते सांगायला नको. घरी येऊन तो खूप बोलला. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पर गार वाटलं का न्हाई?" त्यावर भागवतलाच हसू फुटलं. मायलेक ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. असं त्यांचं हसणं मग पुष्कळ दिवस ऐकायला मिळालं नाही.

कारण त्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीत शीतलचं डोहाळजेवण झालं. शीतल म्हणजे आमच्या शेजारची नवी सून. सातव्या महिन्यातलं तिचं पोट, फुलांचे दागिने, हिरवी साडी. एकेक सवाशीण उठून तिची ओटी भरत होती. सारजामावशी विधवा, म्हणून दाराशी बसलेली. मिरा खण-नारळ घेऊन उठली, तशी शीतलची सासू अगदी गोड आवाजात म्हणाली, "मिरा, तू राहू दे गं. तू आपली जेवायला वाढ."

मिरा नारळ घेऊन तशीच उभी राहिली. हे तिला नवीन नव्हतं. ती वळणारच होती.

"राहू का दे?" दाराशी सारजामावशी उभी राहिली होती. "काय कमी हाय तिच्यात? बिलकुल काय न्हाई. कमी माझ्या भागवतमधी हाय. जालन्याला तपासनी केली, आपरेशन झालं. हर्निया न्हवता त्यो. सात वर्सं तुमी बी अन म्या बी ह्या पोरीला मागं सारली. आता बास झालं."

आत कुकरची शिट्टी झाली, तेवढाच आवाज. मग पाटावर बसलेली शीतल पदर पुढे धरून म्हणाली, "मिरावैनी, भरा ना. हात दुखून राह्यले माझे."

मिरानं ओटी भरली. तिच्या हातातून तांदूळ सांडत होते आणि शीतल ते पदरात गोळा करत होती. मला रडू आवरलं नाही, आणि आवरायचा प्रयत्नही मी केला नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. टेम्पोस्टँडवर किसन नावाचा भागवतचा जोडीदार होता. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय भागवत, इंजिनचं काम केलं म्हने?" भागवत तडक घरी आला. मी ओट्यावरच होते.

"आन घेतल्ती ना तू?" त्यानं आईला विचारलं.

"घेतल्ती."

"मंग?"

"मोडली."

तिनं ना कारण सांगितलं, ना माफी मागितली. भागवत आत गेला, आणि त्या दिवसापासून आईशी बोलायचा बंद झाला.

बोलायचं ते मिरामार्फत. "तिला सांग, पाऊस येईल, मेंढरं जल्दी आनायची." आणि मावशी चार हातांवर उभी राहून म्हणायची, "त्याला सांग, आनली." ऐकताना गंमत वाटायची, पण ती गंमत दोन दिवसांची. महिने गेले. त्याच्या ताटात वाढताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची आणि तो भाकरीकडे बघत जेवायचा. तिचा आवाज खाली आला. मीठ मागायला आली तरी मला दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणालात?

एकदा मीच म्हटलं, जरा दमानं सांगितलं असतं तर? ती माझ्यावर उसळली नाही.

"म्या लेकाची अब्रू काडली, खरं हाय. त्यानं बोलू नये, बराबर हाय त्याचं. पर सुनेची अब्रू सात वर्सं रोज निघत व्हती, तवा आमा कुनालाच काय वाटलं न्हाई. तिचं त्वांड पाह्यलं, अन मला ऱ्हावलं न्हाई."

भागवतनं दवाखान्यात परत जाणंही सोडून दिलं होतं. तपासणीची वेळ उलटून गेली. तेव्हा सासूच्या जागी मिरा उभी राहिली. एके सकाळी पिशवी घेऊन टेम्पोत जाऊन बसली आणि म्हणाली, "चला जालन्याला." तो म्हणाला, उतर. ती उतरली नाही. भांडली नाही, रडली नाही, नुसती समोर काचेतून बघत बसली. उन्हं वर आली तेव्हा त्यानं टेम्पो चालू केला. दोघंच गेले. संध्याकाळी आल्यावर मिरानं सासूला सांगितलं, की संख्या वाढली आहे, हालचालही सुधारली आहे. अजून काही महिने वाट बघू, नाहीतर पुढचे उपचार करू, असं डॉक्टर म्हणाले. सारजामावशीनं विचारलं, "त्यो काय म्हनला?" मिरा म्हणाली, "काय न्हाई. येताना मला उसाचा रस पाजला." मावशीला तेवढं पुष्कळ झालं.

मग उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान न्यायला भागवतचाच टेम्पो. अजून मिराला दिवस गेलेले नव्हते, पण गल्लीतल्या बायका आता तिला हळदीकुंकवाला आधी बोलवायच्या. सारजामावशी माझ्या ओट्यावर बसून भांडी जुन्या लुगड्यात गुंडाळत होती. भागवत दोरी आवळत होता. तेवढ्यात तो किसन आला. इकडेतिकडे बघत भागवतच्या जवळ गेला आणि काहीतरी पुटपुटला. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

"हळू काहून बोलून राह्यला?" भागवत म्हणाला. दोरी सोडून तो सरळ उभा राहिला. "डाक्टर जालन्यात बसतो, म्या नेतो तुला. माझ्यात कमी व्हती, म्या आपरेशन केलं. त्यात लाजायचं काय? आधी सोताला तपास. बायकोला देवाधर्माला फिरवू नको उगंच, म्या सात वर्सं फिरवली."

पुढच्या ओट्यावरच्या बायकांनीही ते ऐकलं. किसन मान डोलवत उभा राहिला. सारजामावशीचे हात भांड्यावर थांबले होते. तिनं वर पाहिलं नाही. एकच पातेलं पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिली.

मिरा चहा घेऊन आली. भागवतनं ट्रेमधला एक कप उचलला. मला वाटलं, किसनला देईल. तो ओट्याच्या पायऱ्या चढून आईसमोर आला.

"आई, च्या घे. निवून जाईल."

तिनं पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी कप घेतला. एक घोट प्याली.

"लई ग्वाड झालाय रं," ती त्याला म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत पुसत सगळा चहा संपवला.